सहा नंबरच्या चौकोनातला वारा

बाई, तुम्ही तुमच्या वह्या जाळून काहून नाही गेल्या? बाकी सगळं तर नीट आवरून गेल्या. भाड्याचं घर रिकामं करून दिलं, पुस्तकं कोणत्या कॉलेजले जातील ते लिहून ठेवलं, मेल्यावर हार नको, लाकूड नको, विजेवर जाळा, हेही सांगून ठेवलं. अन् वह्या तेवढ्या एका पत्र्याच्या पेटीत घालून ऑफिसातल्या कपाटावर ठेवल्या. त्या पेटीले कुलूप नाही, कडी नाही. आता ती पेटी माझ्या नातीच्या हाती लागली आहे. ती एकेक वही उघडून वाचून राहिली, अन् इकडं मले जेवण जात नाही. तुमचं काय, तुम्ही फोटोत जाऊन बसल्या.

नमस्कार राहिला, तो इथं करते. पायावर डोकं ठेवलं असं समजा. आता कंबर वाकत नाही, तेव्हा समजण्यावरच भागवा. मी तुमच्या कामावरची, चुरा पाहून झाड सांगणारी. दुसरीतून शाळा सुटली होती, उरलेली अक्षरं तुमच्या कागदी पाकिटांवर शिकली: साग, मोह, तेंदू, ऐन, धावडा. त्याच्यापलीकडं लिहाची पाळी मले फार आली नाही. म्हणून या चिठ्ठीत एका झाडाचा पाला दुसऱ्यात मिसळला तर निवडून घ्या. तुम्हाले जाऊन इतकी वर्षं झाली की ऑफिसच्या आवारात तुमच्या नावानं लावलं होतं त्या झाडाखाली आता स्कूटर उभ्या राहतात.

मी आता गाव सोडून नागपुरात सक्करदऱ्याले राहते, तलावाच्या मागच्या गल्लीत, खालच्या दोन खोल्या. माझा म्हातारा गेला. पोरगा पुण्याले, सून पुण्याले. तिकडं चाल म्हणतात. मी एकदा जाऊन आली. बाराव्या मजल्यावर बसून कबुतरं हाकलाचं काम मले जमलं नाही. इथं निदान पाय जमिनीले टेकतात. सकाळी तलावाभोवती माणसं फिराले येतात, कानात बोंडं घालून, हात हलवत, बोलत. पहिले काही दिवस मले वाटे माझ्याशीच बोलून राहिले. मी कट्ट्यावरून उत्तरं देत होती. घरी आलं की भाजी चिराची, ती एकटीनं खायाची, उरली ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खायाची. ज्या दिवशी कोणाशी भांडण होते तो दिवस बरा जाते. शेजारचे साहेब रिटायर आहेत, रोज फाटकापुढचा पाला गोळा करून काडी लावतात. मी म्हटलं, "साहेब, मातीले उपाशी काहून ठेवता?" ते म्हणे, "आजी, कचरा आहे तो." मी म्हटलं, "कचरा तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवता तो. हे जेवण आहे." त्यांनी बायकोकडं पाहून कपाळावर बोट फिरवलं. ही वाक्यं मले तुम्ही शिकवली, बाई, पण ती ऐकणारं माणूस मागं ठेवलं नाही.

नात म्हणजे पोराची पोरगी. पुण्यात वाढली, मले-तुले नाही, मला-तुला करते. लहानपणी सुट्टीत येई तेव्हा मी तिले राजाराणीच्या गोष्टी सांगितल्या नाही, मले येतच नव्हत्या. जंगलातल्या सांगितल्या. पँट घालणारी बाई, जाळीच्या बाजा, पानं सुकवाचं गरम कपाट. त्याचा असा परिणाम झाला की पोरगी डॉक्टर व्हायाची सोडून पाल्यापाचोळ्याच्या मागं लागली. आता नागपुरातच शिकून राहिली, होस्टेलात राहते, अन् जंगलातल्या तुमच्याच जुन्या चौकोनांवर तिचा मोठा थिसिस चालू आहे. सुनेनं मले फोनवर ऐकवलं, "आई, हे सगळं तुमच्यामुळं झालं." मी म्हटलं, "झालं तर झालं, काय बिघडलं?" मनातून मले बरं वाटलं. पोरगी रविवारी येते. सोमवार ते शनिवार मी रविवारची वाट पाहते, हे तिले माहीत नाही.

तुम्ही आमच्या गावात पहिल्यांदा आल्या ते मले अजून दिसते. खाप्याहून पुढं रस्ता संपला की आमचं गाव, अन् गाव संपलं की जंगल. जीप उभी राहते, त्यातून एक बाई उतरते, अंगात पँट, डोक्याले रुमाल, हातात दोरीचं वेटोळं. सासू ओसरीवरून म्हणे, "पाह्य वं, सर्कशीतली आली." माझा नवरा जंगलात रोजीनं मजूर होता, म्हणून तुम्ही आमच्याच दारात टेकल्या, पाणी प्यायल्या, अन् पिशवीतून पाल्याचा चुरा काढून ओसरीवर ओतला. नुकती सारवलेली ओसरी. "हा कोणाकोणाचा आहे, कोणी सांगेल का?" माणसं एकमेकांच्या तोंडाकडं पाहून राहिले. मी चुलीपुढून उठून आली, कडेवर पोरगा. चुरा बोटांत घेतला. म्हटलं, "हा ऐन, हा धावडा, हे मोहाचं देठ, अन् हे पान नाही, हा किडा आहे." तुम्ही माझ्याकडं जसं पाहिलं, तसं लग्नात नवऱ्यानंही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या कामावर.

काम गावाले कधी कळलं नाही. तुम्ही जंगलात जागोजागी लाकडाच्या चौकटींवर जाळी ताणून त्या चार पायांवर उभ्या केल्या, आमच्या बाजेसारख्या. गाव म्हणे, वाघाले झोपाले खाटा टाकून राहिली. त्यात जो पाला पडे तो पंधरा दिवसांनी मी काढाचा, झाडाझाडाचा वेगळा कराचा, पाकिटात भराचा. शिवाय जमिनीवर दोरी बांधून बारा चौकोन केले होते. त्यातला पाला जसा पडला तसा पडू द्याचा, कुजू द्याचा, कोणी हात लावाचा नाही. ठरल्या दिवशी तुमच्यासमोर कोपऱ्यातला हातभर जागेतला उचलून तिथंच लटकत्या काट्यावर मोजाचा, तेवढंच. झाड खाली काय टाकते अन् माती त्यातलं किती परत घेते, एवढंच तुम्हाले पाहाचं होतं. एवढंच पाहाले तुम्ही सगळी जवानी घातली. नागपूरच्या ऑफिसात गरम कपाटात पाकिटं सुकवाची, मग सोनाराच्या काट्यासारख्या काट्यावर वजन. बायका मले विचारत, "पाल्याचं वजन करून काय करते वं तुही बाई, विकते का?" मी म्हणे, "वहीत लिहिते." मग त्या अजून हसत.

एकदा पाकिटात एक काडी आली, पाखराच्या घाणीनं बरबटलेली. मी फेकून दिली. तुम्ही पाहिलं. आवाज न वाढवता म्हटलं, "जंगलात घाण नसते. जे पडलं ते मोजायचं. तुला आवडलं ते नाही, जे पडलं ते." अन् सगळ्या पाकिटावर काट मारली, पंधरा दिवसांचं काम गेलं. मी तुमच्याशी दोन दिवस बोलली नाही. मनात म्हटलं, कधी गोठा काढला असता तर घाण कुठं असते ते कळलं असतं. पण एवढ्याशा काडीसाठी रागावणारी ही बाई आहे, हे मी लक्षात ठेवलं. तुम्हीही ठेवा, पुढं मी तुम्हाले यावरूनच धरणार आहे.

मग मले जाळीखाली विंचू चावला. तुम्ही नागपुरात बर्डीच्या बाजारात नेऊन मले कापडी बूट घेऊन दिले. पुरुषाचे, कारण बायकांच्या मापाचे तसले दुकानात नव्हते. दुकानदार म्हणे, "भावासाठी घेता का?" मी म्हटलं, "भाऊ नाही, त्याचे पाय मलेच आले आहेत." तुम्ही हसू दाबाले दुकानाबाहेर गेल्या. लुगडं वर खोचलेलं अन् खाली बूट, अशी मी गावात शिरली तर कुत्री भुंकली. त्या दिवसापासून तुम्ही पँटवाली, मी बूटवाली. मीही हसली, हसाले काय जाते. पण बाई, हळूहळू बायका माझ्यापुढं बोलाच्या थांबल्या. नदीवर गेली की त्यांचं बोलणं मधातच तुटे. "थांबा वं, बूटवाली आली, पँटवालीले जाऊन सांगन." त्या जंगलातून काड्या आणत, पाला पेटवत, अन् मी दोऱ्या राखत होती, म्हणजे मी साहेब लोकांच्या बाजूची. तुम्ही संध्याकाळी जीपमध्ये बसून नागपूरले जात होत्या. मले तिथंच राहाचं होतं.

सहा नंबरच्या चौकोनात आमचा मोह होता. कागदावर जंगल सरकारचं, पण कोणता मोह कोणत्या घराचा ते गावाले पाठ असते. दुसऱ्याच्या मोहाखाली कोणी टोपली नेत नाही. आमच्या सासूच्या सासूपासून तो आमचा. दोरी बांधताना तुम्ही मले विचारलं होतं, "इथे कोणाची अडचण नाही ना?" अन् मी, कामावर नवी, म्हटलं, "नाही." चैत्रात मोह पहाटेपासून टपटप पडते. फिकं फूल पाल्यात पडलं तर सापडत नाही, म्हणून बायका आधीच खालची जमीन झाडून लख्ख करतात, नाही तर पाल्याले काडी लावतात. मोहाखाली पाला साचू देणारी बाई म्हणजे उष्ट्या ताटात जेवणारी बाई, असं आमच्याकडं म्हणत. माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी सासूनं टुमणं लावलं: "सगळ्यांच्या मोहाखाली अंगण झालं, आपल्याच मोहाखाली उकिरडा. जा, झाडून ये." मी सकाळी खराटा घेऊन गेली, दोरीखालून वाकून आत शिरली, अन् सहा नंबरचा चौकोन झाडून काढला. तीन वर्षांचा पाला, वरचा कोरडा, मधला ओला, खालचा काळा, पांढऱ्या बुरशीनं शिवल्यासारखा. सगळा ओढत नेऊन ओढ्यात लोटला. अन् मोह सरेपर्यंत रोज सकाळी वेचला.

तुमचा मोजाचा दिवस जवळ आला तेव्हा मी तो रिकामा चौकोन पुन्हा पाहून आली. मले आकडे वाचता येत होते, मागच्या वेळचं वजन मी पाहिलं होतं. टोपलीनं पाला आणून अंदाजानं आत पसरला, हातानं थापला, वरून पाणी शिंपडलं. पण घाईत आणला कुठून, तर पाणवठ्याजवळच्या सागाखालून. सहा नंबरच्या आसपास सागाचं एक झाड नाही. चुरा पाहून झाड सांगणारी मी, अन् मले तेव्हा परातीएवढं सागाचं पान दिसलं नाही.

तुम्ही येता. गुडघ्यावर बसता. एक सागाचं पान उचलून उलटं करून पाहता, सुलटं करून पाहता. मान वर करून चहूकडची झाडं पाहता. मग माझ्याकडं पाहता, अन् मी बुटांकडं. तुम्ही म्हणता, "वजन कर." मी करते. तुम्ही वहीत आकडा लिहिला, त्याच्यापुढं इंग्रजीत काही लिहिलं, वही मिटली अन् डबा उघडून तुमच्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. एका काडीसाठी पाकीट बाद करणारी बाई, अन् आख्खा चौकोन बुडाला तरी शब्द नाही. मी वाट पाहिली. आज बोलतील, पुढल्या फेरीले बोलतील. तुम्ही बोलल्याच नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन मोकळी झाली असती.

पुढल्या फाल्गुनात तुम्ही जीपमधून एक गाठोडं उतरवलं. त्यात जुन्या सुती साड्या होत्या. विहिरीवर बायका जमवल्या अन् म्हटलं, "मोहाखाली जाळू नका, झाडू नका. ही पसरा. फूल साडीवर पडेल, खालचं रोप जगेल. वेचून झालं की साडीवरचा पाला जागच्या जागी झटका." एक म्हातारी म्हणे, "बाई, तुमी तं पँट घालता. मंग ही लुगडी कोनाची उचलून आनली?" तुम्ही म्हटलं, "माझ्या आईनं घेतली होती माझ्यासाठी. मी नेसले नाही, ती रुसली, साड्या राहिल्या." बायका पहिल्यांदाच तुमच्यासोबत हसल्या. सहा नंबरमधल्या मोहाखाली साडी तुम्ही स्वतः पसरली, दोरी न हलवता. मले एवढंच म्हटलं, "फुलं तुझी, पाला चौकोनाचा."

तिथून तुमचं दुसरं काम सुरू झालं. आधी तुम्ही मोजणाऱ्या होत्या, मग सांगणाऱ्या झाल्या. गावोगाव साड्यांचं गाठोडं घेऊन जात होत्या, मग शाळांच्या बसा येऊ लागल्या. पोरांले जंगलात बसवून तुम्ही पाच मिनिटं गप्प राहाले लावत. नागपूरची पोरं, त्यांले पाच मिनिटं म्हणजे जन्मठेप. एक पोट्टी म्हणे, "मॅडम, वाघ कुठं आहे?" तुम्ही म्हटलं, "तू बसलीस त्याच्याखाली बघ. वाघाहून जास्त खाणारे तिथे आहेत." मग मी पुढं येऊन पाला थराथरानं उचलून दाखवाचा, वरून खाली, या वर्षीचा, मागच्या वर्षीचा, अन् शेवटी माती, अन् ती पोरांच्या नाकाशी न्यायाची. माझं काम तेवढं. तुम्ही पुस्तकं लिहिली, परदेशात बोलाले गेल्या, तिकडून मले एक स्वेटर आणला, नागपूरच्या उन्हात घालाले. तुम्ही गेल्यावर हॉलात सभा झाली तेव्हा एक साहेब बोलले, की एवढ्या मोठ्या वैज्ञानिक, पण त्या माणसांकडं वळल्या, ही त्यांची दृष्टी. टाळ्या झाल्या. त्या काहून वळल्या हे सांगू शकणारी मी मागच्या रांगेत बसली होती, हातात चहाचा कागदी कप. मग वाटलं, मले तरी कुठं माहीत आहे. कदाचित तुम्ही साड्या आणणारच होत्या. कदाचित सागाचं पान पाहून आणल्या. तुम्ही कधी सांगितलं नाही, अन् मी विचारलं नाही.

विचाराले एकदा आली होती. तुम्ही आजारी होत्या, पलंगावर उशीले टेकून, हात काडीसारखे. मी ठरवून आली होती की आज बोलाचं. पण तुमच्याभोवती तुमचे विद्यार्थी बसले होते, चारपाच जण, सगळे आता मोठे साहेब. त्यातली एक म्हणाली, "मावशी, सगळ्यांना चहा टाकता का?" तीस वर्षं तुमच्यासोबत काम केलं, अन् खोलीत शिरल्याबरोबर मी स्वयंपाकघरात. मीही गेली, सवय. दूध उतू जाऊ नये म्हणून उभी राहिली. चहा घेऊन आली तोवर तुम्हाले झोप लागली होती. तुमचा कप मीच प्यायली, साखर नव्हती त्यात. त्यानंतर तुमची खबर आली.

आता या वहीचं ऐका. मागच्या महिन्यातला रविवार. नात माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, मांडीवर लॅपटॉप, बाजूले तुमच्या वह्या, मी भाकरी थापून राहिली. ती म्हणाली, "आजी, हे ऐक ना. सहा नंबर. बाईंनी लिहिलंय, सागाची पानं जास्त, कारण वारा, आणि पुढे प्रश्नचिन्ह. सागाचं झाड तिथून किती लांब होतं माहितेय? म्हणजे पाला एका जागेवरून दुसऱ्या जागी एवढा जातो. याच्यावर माझं आख्खं एक प्रकरण उभं आहे. बाईंनी तेव्हाच ओळखलं होतं, फक्त पुढे गेल्या नाहीत." तव्यावरची भाकरी जळली. मी म्हटलं, "जाते कधी कधी पाला." ती म्हणाली, "तू होतीस ना तिथे? तुला आठवतं का, त्या दिवसांत वादळ वगैरे?" मी म्हटलं, "मले काय आठवते, म्हातारी झाली." वारा कसला, बाई. तो वारा मी होती, टोपली घेऊन. अन् तुम्ही पुढं गेल्या नाहीत, कारण तुम्हाले माहीत होतं. मग बाद काहून नाही केलं ते वहीचं पान? एका काडीवर काट मारली होती. माझ्यावर मारताना हात काहून थांबला? तुम्ही प्रश्नचिन्ह काढून सुटल्या, अन् ते चिन्ह आता माझ्या नातीच्या गळ्यात.

पुढल्या महिन्यात ती हे मोठ्या लोकांपुढं वाचून दाखवणार आहे. थिसिसच्या पहिल्या पानावर तिनं माझं नाव घातलं आहे. छापून आणून दाखवलं: जिनं मला पानं ओळखायला शिकवलं ती माझी आजी. मी बोट ठेवून ते दोनदा वाचलं, अन् म्हटलं, "कागद जाड आहे."

मागच्या रविवारी ती वह्यांची पिशवी इथंच ठेवून गेली, ओझं नको म्हणून. ती गेली अन् मी त्यातली ती एक वही काढली. काहून काढली ते तेव्हा माहीत नव्हतं. गव्हाच्या डब्यात घातली, वरून गहू. सोमवारी तिचा फोन, "आजी, एक वही कमी आहे." मंगळवारी आली. बुधवारी आली. शुक्रवारी पुन्हा आली. दर वेळी जेवून गेली, एकदा माझ्या डोक्याले तेल लावून गेली. शुक्रवारी तिचा चेहरा उतरला होता. "मूळ वही दाखवावी लागेल आजी, नाहीतर ते मान्य करणार नाहीत." मी तिच्यासोबत पलंगाखाली वाकून शोधली. विचार करा, माझीच लपवलेली वही मी तिच्यासोबत शोधून राहिली, अन् मनात म्हणून राहिली, उद्याही नाही सापडली तर उद्याही येईल.

तिथं पलंगाखाली मले माझीच लाज वाटली. अन् अजून एक गोष्ट आठवली, ती वर मी चुकीची लिहिली आहे. पेनानं लिहिलं, खोडता येत नाही. सासूनं मले धाडलं असं लिहिलं. सगळ्यांले तेच सांगत आली, नवऱ्यालेही. सासू त्या चैत्रात गावात नव्हती. नणदेच्या बाळंतपणाले गेली होती, दीड महिना. मले कोणी धाडलं नाही. सकाळी साऱ्या बायका आपापल्या मोहाखाली बसत, झाडाझाडांतून एकमेकींशी बोलत, नवऱ्यांच्या नकला करत, गाणी म्हणत, अन् मी दोरीच्या बाहेर बूट घालून उभी राहत होती, राखण करत. तीन वर्षं. त्या दिवशी मी बूट घरी ठेवले, खराटा घेतला अन् जाऊन माझ्या झाडाखाली बसली. शेजारच्या मोहाखालून आवाज आला, "आली का वं? बस." तेवढ्यासाठी तुमचा चौकोन गेला. मोह काही फार निघाला नाही त्या वर्षी.

तेव्हा हे झालं, अन् आता वहीचं झालं. दोन्ही वेळी एकच खोड. म्हातारपणी माणूस शहाणं होते असं कोणी म्हटलं तर त्याले माझ्याकडं पाठवा.

उद्या रविवार आहे. वही मी डब्यातून काढली, पानांतला गहू झटकला. तिचं जेवण होऊ देईन, उपाशी पोटी असल्या गोष्टी ऐकू नये. मग सांगीन, सहा नंबरमध्ये वारा नव्हता. तिचं एक प्रकरण जाईल. पुढल्या महिन्यातलं वाचणंही कदाचित जाईल. पहिल्या पानावरचं नाव ती काढेल, तो तिचा हक्क आहे. जे पडलं ते मोजाचं, हे मीच तिले लहानपणी शिकवलं, तुमचं नाव न घेता. अन् कदाचित रविवारी यायाची बंद होईल. याच्यापुढं मले लिहाले सुचत नाही, म्हणजे सुचते, पण लिहाचं नाही.

ही चिठ्ठी टाकाले पत्ता नाही, असता तरी टाकली नसती. तुम्ही वाचून पुन्हा गप्प राहिल्या असत्या, अन् ते मले एकदा पुरलं. एक तेवढं खरं सांगते, तिनं वही शोधली ते तीन दिवस माझे चांगले गेले.

आता तुम्ही मधात पडू नका. स्वप्नात येऊ नका, कोणाच्या तोंडून निरोप धाडू नका. तुमची बोलाची वेळ तुम्ही घालवली. याचं उत्तर माझ्या नातीनं द्याचं, माझ्यासमोर बसून द्याचं, रागात असली तरी चालेल. फोनवर चालणार नाही.